शेवटची गाडी गेल्यानंतर

रत्नागिरी जिल्ह्याचा नकाशा समोर पसरावा आणि उच्च शिक्षणाच्या जागांवरून बोट फिरवत जावे. एक गोष्ट लगेच ध्यानात येते. यातल्या कितीतरी जागा शहरात नाहीतच. अभियांत्रिकीचे शिक्षण देवरुखजवळच्या आंबवला किंवा खेड तालुक्यातल्या लवेलला. वैद्यकीय शिक्षण सावर्ड्याजवळच्या डेरवणला. शेतीचे विद्यापीठ १९७२ पासून दापोलीला, आणि तिथे अजून रेल्वे जात नाही. खेडला उतरायचे आणि घाट-वळणांचा रस्ता धरायचा. कारणे सरळ आहेत. मोठ्या संस्थेला मोठी जमीन लागते, शेतीच्या शिक्षणाला तर प्रत्यक्ष शेत लागते, आणि आपल्या गावात काहीतरी उभे राहावे ही तळमळ असणारी माणसे कोकणात पूर्वीपासून आहेत.

प्रवेश मात्र राज्यपातळीवरच्या गुणवत्ता यादीतून होतात. म्हणून यवतमाळची मुलगी दापोलीला येते, बीडचा मुलगा आंबवला येतो. त्यांनी समुद्र पाहिलेला नसतो आणि जून-जुलैचा इथला पाऊस तर नाहीच नाही. संध्याकाळी गावात वस्तीची गाडी येते, चालक-वाहक जेवून झोपतात, टपरीवाला फळी लावतो, आणि मग डोंगराच्या कुशीत उरते ते दोनतीनशे तरुण माणसांचे एक वेगळेच गाव. या गावाला ग्रामपंचायत नाही, देऊळ-मशीद नाही, चावडी नाही, म्हातारी माणसे नाहीत, लहान मुले नाहीत. इथे माणसांत राहायचे कसे, हा आजचा आपला विषय आहे.

काही वडीलधारी म्हणतील, मुले शिकायला गेली आहेत, त्यांना माणसांत राहण्याची चैन हवी कशाला? अभ्यास करावा, झोपावे. हा प्रश्न मनापासून विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तरही नीट दिले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने जून २०२५ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार जगातल्या दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा सतावतो, आणि तो म्हाताऱ्यांइतकाच, किंबहुना काही बाबतींत अधिक, तरुणांना सतावतो. एकटेपणाशी जोडले जाणारे मृत्यू वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार असल्याचा त्या अहवालाचा अंदाज आहे. तेव्हा ही चैनीची गोष्ट नाही. ती पिण्याच्या पाण्याइतकीच गरजेची आहे. पाण्याची टाकी नसलेल्या वसतिगृहाला कोणी परवानगी देत नाही. माणसांची सोबत आहे की नाही, हे मात्र कोणी तपासत नाही.

इथे दोन शब्दांतला फरक सांगितला पाहिजे. एकांत वेगळा आणि एकटेपणा वेगळा. आम्ही कविता लिहिणारी माणसे एकांताच्या शोधात असतो. तो आपण स्वतः मागून घेतो आणि हवा तेव्हा संपवू शकतो. एकटेपणा मागितलेला नसतो. भरल्या मेसमध्ये, चाळीस ताटांच्या मध्ये बसूनही तो असू शकतो. म्हणून आपला मुलगा तीनशे मुलांच्या वसतिगृहात आहे, त्याला सोबतीची काय वाण, असे समजून आईवडिलांनी निश्चिंत होऊ नये.

मग मैत्री होते तरी कशी? आपण समजतो की ती स्वभावावर अवलंबून असते. बोलक्याला मित्र मिळतात, अबोल माणूस कोपऱ्यात राहतो. यात तथ्य आहे, पण ते अर्धेच. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेने विवाहित विद्यार्थ्यांसाठी वेस्टगेट नावाची वसाहत बांधली. लिऑन फेस्टिंगर, स्टॅन्ली शॅक्टर आणि कर्ट बॅक या तीन अभ्यासकांनी तिथल्या मैत्रीचा अभ्यास केला आणि १९५० साली तो पुस्तकरूपाने मांडला. शेजारच्या दाराची माणसे मित्र म्हणून सांगितली जाण्याचे प्रमाण ४१ टक्के निघाले. त्याच मजल्याच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्यांचे प्रमाण फक्त १० टक्के होते. मध्ये अंतर किती, तर चार दारांचे! जिन्याजवळ आणि टपालपेट्यांजवळ राहणाऱ्यांना तर वरच्या मजल्यावरचेही मित्र मिळाले होते. म्हणजे स्वभावाच्या जोडीला पायवाटही लागते. ज्या वाटेवरून दहा माणसे रोज जातात, तिथे उभा राहणारा माणूस अबोल असला तरी ओळखीचा होतो.

यातून अबोल मुलाला एक सोपा मार्ग सापडतो. त्याने विनोद सांगायला शिकायची गरज नाही. खोलीचे दार दिवसातून तासभर उघडे ठेवावे. पुस्तक वाचायचेच आहे, तर ते पलंगावर पडून न वाचता व्हरांड्यात बसून वाचावे. कपडे वाळत घालायची दोरी, पिण्याच्या पाण्याचा कूलर, जिन्याची पायरी या आपल्या वसतिगृहांतल्या टपालपेट्या आहेत.

दुसरी गोष्ट वेळेची. कॅन्सस विद्यापीठातले प्राध्यापक जेफ्री हॉल यांनी २०१८ साली मैत्रीच्या तासांचा हिशेब मांडला. नुसती ओळख असलेला माणूस जुजबी मित्र व्हायला सुमारे ५० तास एकत्र जावे लागतात, मित्र व्हायला सुमारे ९०, आणि जिवलग व्हायला २०० हून अधिक. गंमत अशी की, कामाच्या निमित्ताने शेजारी बसण्याचे तास यात फारसे उपयोगी पडत नाहीत. मोकळ्या गप्पांचे, जेवणाचे, भटकण्याचे तास मोजायचे. म्हणजे वर्गात वर्षभर एका बाकावर बसूनही माणूस परका राहू शकतो.

आता हा हिशेब आपल्या मेसला लावून पाहा. दोन वेळचे जेवण, प्रत्येकी अर्धा तास, म्हणजे दिवसाला एक तास. महिन्याचे तीस. एकाच टेबलावर त्याच चारपाच जणांबरोबर जेवले, तर तीन महिन्यांत नव्वद तास भरतात आणि शैक्षणिक वर्ष संपायच्या आत दोनशे पार होतात. वेगळा खर्च नाही, वेगळा वेळ काढायला नको. अट एकच, जेवताना मान वर हवी. ताटाशेजारी मोबाइल उभा करून मालिका बघत घास घेतला, तर तो तास पोटात गेला, मैत्रीच्या खात्यात जमा झाला नाही.

मोबाइलला नुसती दूषणे देणे मला पटत नाही. यवतमाळची आई रोज रात्री लेकीचा चेहरा पाहू शकते, ही लहान गोष्ट नाही. जुने मित्र त्यामुळेच टिकतात. पूर्वी वसतिगृहाजवळच्या एसटीडी बूथवर रविवारी रांग लागायची. एकदोन मिनिटांच्या बोलण्यासाठी तासभर थांबावे लागायचे. पण त्या रांगेत मागचापुढचा कोण, कुठल्या गावचा, घरी कोण आजारी आहे, हे सगळे कळायचे. आता बोलणे मुबलक झाले आणि रांग गेली. ती परत यावी असे कोणी म्हणणार नाही. मात्र रांगेतून आपोआप होणारे काम आता ठरवून करावे लागते, एवढे लक्षात ठेवले पाहिजे. घरच्या फोनची वेळ ठरवावी आणि तो झाला की फोन खिशात ठेवून खाली उतरावे. रोज तीन तास जुन्या मित्रांशीच बोलणारा मुलगा नव्या गावात कधी पोहोचतच नाही.

जेवणाच्या पंगतीचे महत्त्व आपल्या महाराष्ट्राने फार आधी ओळखले होते. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहांना आश्रय दिला. मराठा, जैन, मग १९०६ च्या सुमारास मुसलमान, अशी एकेका समाजाची वसतिगृहे उभी राहिली. खेड्यातून आलेल्या मुलाला शहरात भाड्याने खोली आणि जेवण मिळणे जातीमुळे कठीण होते. वेगळे का होईना, पण छप्पर मिळाले. पुढे कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले आणि सगळ्या जातिधर्मांच्या मुलांना एका चुलीवर रांधायला, एका पंगतीत जेवायला लावले. छप्पर ही पहिली पायरी होती, पंगत ही दुसरी.

आज खोल्यांचे वाटप यादीने होते, त्यात जातधर्म पाहिला जात नाही. पण मेसमध्ये नजर टाकली, तर टेबले हळूहळू वाटली गेलेली दिसतात. इकडे वऱ्हाडाकडची मुले, तिकडे मराठवाड्याची, खिडकीशी मुंबईची, कोपऱ्यात चारपाच मुसलमान मुले. यात कोणाचा दुष्टावा नसतो. परक्या ठिकाणी माणूस आपली बोली, आपली चव शोधतो. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या मुलाला रोजचा भात जड जातो, तो दुसऱ्या भाकरीवाल्याला शोधून काढतो. पहिले दोन महिने हे ठीक आहे. तिसऱ्या महिन्यातही टेबल तेच राहिले, तर मात्र चार वर्षे कोकणात राहून त्याला कोकणातला एकही मित्र मिळालेला नसतो. रेक्टरसाहेबांनी महिन्यातून एक रविवार चिठ्ठ्या टाकून टेबले बदलावीत. मुले आधी कुरकुरतील, मग कोणीतरी वऱ्हाडी ठेचा आणील, कोणीतरी सोलकढीची वाटी पुढे करील. रमजानमध्ये पहाटे सहरीला उठणाऱ्या मुलाला हाक मारायचे काम शेजारच्या खोलीतला हिंदू मित्र आपणहून अंगावर घेतो, असे वसतिगृहांत घडते. त्याची बातमी होत नाही, होऊही नये. पण ते घडण्यासाठी आधी दोघांना एका टेबलावर बसावे लागते.

आता वसतिगृहाच्या फाटकाबाहेर पडू. आडगावचे वसतिगृह आणि ते गाव यांच्यात पुष्कळदा एक अदृश्य गडगा असतो. गावाला वाटते, ही शहरी पोरे गाड्या उडवत जातात. पोरांना वाटते, या गावात आहे काय? दोघेही चार वर्षे एकमेकांना ओळखत नाहीत. हा गडगा ओलांडायची एक जुनी वाट कोकणच्याच माणसाने घालून दिली आहे.

महर्षी धोंडो केशव कर्वे हे दापोलीजवळच्या मुरुडचे. पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात ते गणित शिकवत. १८९६ साली त्यांनी विधवा स्त्रियांसाठी आश्रम सुरू केला आणि १९०० साली तो गावाबाहेर, हिंगण्याला नेला. तेव्हाचे हिंगणे म्हणजे ओसाड माळ. एक झोपडी, मूठभर मुली, आणि या कामाकडे पाठ फिरवलेला समाज. कॉलेजचे काम आटोपून अण्णा रोज पायी हिंगण्याला जात. आश्रमाला लागणारे सामानसुमान बरोबर नेत, मुलींना शिकवत. त्यांच्या पत्नीच्या भगिनी, देवरुखच्या पार्वतीबाई आठवले, पुढे या आश्रमाच्या आधारस्तंभ झाल्या आणि गावोगाव हिंडून त्यांनी मदत जमवली. आडबाजूच्या वसतिगृहाला जिवंत ठेवायला काय लागते, ते इथे दिसते. आत आणि बाहेर जाऊन-येऊन राहणारे कोणीतरी लागते. अण्णांच्या त्या रोजच्या चालण्याने नुसते सामान पोहोचत नव्हते. आपल्याला जग विसरलेले नाही, हा दिलासाही पोहोचत होता.

आजच्या विद्यार्थ्याला हे जाणे-येणे सोपे आहे. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून सुरू आहे. तिचे सात दिवसांचे निवासी शिबिर म्हणजे जागेपणीचे शंभरेक तास एकत्र. वर सांगितलेला हिशेब एका आठवड्यात अर्धा होतो! कृषी शाखेच्या शेवटच्या वर्षाला विद्यार्थी ‘कृषिदूत’ आणि ‘कृषिकन्या’ होऊन गावात राहायला जातात, त्यांची छायाचित्रे आपण वर्तमानपत्रात पाहतो. पण ओळखीसाठी चौथ्या वर्षापर्यंत थांबायचे कशाला? गावच्या शाळेतल्या मुलांना रविवारी गणित शिकवावे, गावच्या संघात क्रिकेट खेळावे, भजनात टाळ धरावा, नमन बघायला रात्र जागवावी. ज्याला घरी पोळ्याला बैल सजवायची सवय आहे, त्याने इथल्या शेतकऱ्याशी बैलावरून बोलणे काढावे. तासभर कसा गेला, ते कळणार नाही.

सणांचे दिवस सर्वांत अवघड. गणपतीत कोकणातले वसतिगृह रिकामे होते. इथली मुले चार तासांत घरी पोहोचतात. लांबच्या मुलांना तेवढ्या सुट्टीत जाऊन येणे परवडत नाही. मेस बंद, गाव सजलेले, आरत्यांचे आवाज डोंगरापलीकडून येताहेत आणि हा खोलीत बिस्किटाचा पुडा फोडतो आहे. शिमग्यात पुन्हा तेच, ईदला तेच. याचा उपाय वसतिगृहाच्या हातात कमी आणि आपल्या, म्हणजे गावातल्या माणसांच्या, हातात जास्त आहे. एक पान जास्त मांडायला कोकणी घराला कधी जड गेलेले नाही. उकडीचा मोदक असो की शीरखुर्म्याची वाटी, ती घेताना त्या मुलाला त्या गावात एक उंबरठा मिळतो. पुढच्या चार वर्षांत ताप आला, पैसे हरवले, काही वाईट बातमी आली, तर कुठल्या दारात जायचे, हे त्याला ठाऊक असते.

मुलींची गोष्ट वेगळी सांगावी लागते. मुलांच्या वसतिगृहाचे फाटक रात्री उशिरापर्यंत उघडे आणि मुलींचे दिवेलागणीला बंद, हा प्रकार अनेक ठिकाणी असतो. वाचनालय, तालीम, मैदान सगळे संध्याकाळी सुरू होते आणि तेव्हाच त्या आत असतात. २०१५ साली दिल्लीतल्या विद्यार्थिनींनी याविरुद्ध ‘पिंजरा तोड’ नावाने चळवळ केली. आडगावात काळजीची कारणे खरी आहेत. रस्त्यावर दिवे नसतात, पावसाळ्यात वीज जाते. पण त्यावर उपाय दिवे लावणे हा आहे, वाचनालयापर्यंत सोबतीला कोणी देणे हा आहे. निदान वाचनालय आणि खेळाची जागा फाटकाच्या आत आणता येते. मुलीला सुरक्षित ठेवायचे म्हणून एकटे ठेवले, तर ती एका धोक्यातून निघून दुसऱ्यात जाते.

महिन्यातून एकदा तरी शहरात यावे. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे, त्याचा फायदा घ्यावा. रत्नागिरीचे जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचे आहे. तिथे चक्कर टाकावी, नाटकांच्या स्पर्धा असतील तर एक प्रयोग पाहावा, मालगुंडला केशवसुतांचे स्मारक पाहून यावे. मात्र एकट्याने न येता दोघातिघांनी यावे आणि परतीच्या गाडीची वेळ आधी विचारून ठेवावी.

शेवटी, जो यातून सुटतो त्याच्याबद्दल. प्रत्येक मजल्यावर एक दार असे असते, जे दोनतीन दिवस उघडत नाही. तो मुलगा मेसला येत नाही, तासाला जात नाही, घरच्या फोनवर ‘सगळे ठीक आहे’ म्हणतो. त्याचा खरा पत्ता शिक्षकांना नसतो, आईवडिलांना नसतो. तो असतो शेजारच्या खोलीला आणि मेसमध्ये वाढणाऱ्या मावशींना. ताट कोणाचे उरले, हे त्यांना आधी कळते. अशा वेळी दार वाजवावे. उपदेश करू नये, ‘चल, चहा घेऊ’ एवढे म्हणावे. प्रकरण त्याहून मोठे वाटले, तर रेक्टरांना सांगावे आणि ‘टेली-मानस’ची १४४१६ ही विनामूल्य सेवा आहे, तिथे फोन लावून द्यावा. ऑक्टोबर २०२२ पासून ती सुरू आहे आणि मराठीत बोलता येते. ओळख करून घेण्याच्या नावाखाली कोणी छळत असेल, तर ती ओळख नव्हे. रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्रात १९९९ पासून कायदा आहे आणि १८००-१८०-५५२२ या क्रमांकावर तक्रार करता येते.

पावसाळा लागला की नवी मुले येतील. पत्र्याची ट्रंक नसेल, चाकांची बॅग असेल, पण चेहऱ्यावरचा गोंधळ तोच. दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी त्या दिवशी जेवायला जाताना वाटेतली दोन दारे वाजवावीत. गावकऱ्यांनी गणपतीत एक पान वाढवून मांडावे. आईवडिलांनी फोनवर ‘किती मार्क मिळाले’ विचारण्याआधी ‘आज कोणाबरोबर जेवलास’ एवढे विचारावे. उत्तरात एखादे नाव आले, तर पोर त्या गावात रुजू लागले असे समजावे.